हिरवळीसाठी गवताचे बी : निवड, पेरणी आणि पहिले वर्ष

हरळी म्हटली की आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. काळ्या रानातली हरळी आणि कुंदा खणून काढण्यात कित्येकांच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या आहेत. त्याच हरळीचे बी आज पाकिटात घालून किलोला चांगला भाव घेऊन विकले जाते आणि शेतकरीच ते विकत घेतो, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. शहरालगतच्या गावांतून मंगल कार्यालये उभी राहिली, त्यांच्या पाट्यांवर 'लॉन्स' हाच शब्द मोठ्या अक्षरात आला. कृषी पर्यटन केंद्रे निघाली, शाळांची मैदाने झाली, नव्या बंगलीपुढे अंगणाऐवजी हिरवळ आली. काही बागायतदार तर लॉनचे तुकडे कापून विकण्याचाच धंदा करतात.

हिरवळ करणाऱ्यांकडून एक तक्रार मात्र हमखास ऐकायला मिळते. दिवाळीनंतर चांगले परदेशी बी आणून पेरले, आठ दिवसांत उगवले, महिना-दीड महिन्यात गालिच्यासारखे झाले, पाहुणे बघायला आले. होळीनंतर ते पिवळे पडू लागले आणि वैशाखात जमीन उघडी पडली. पाणी कमी पडले असेल म्हणून पाणी वाढवले, खत दिले, औषध मारले, पण उपयोग झाला नाही. अशा वेळी दोष पाण्याचा नसतो, खताचाही नसतो. बी चुकीच्या हवामानाचे असते.

थंड हवामानाची गवते आणि उष्ण हवामानाची गवते

हिरवळीच्या गवतांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. राय गवत, फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास ही थंड हवामानाची गवते. १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात ती उत्तम वाढतात. ३० अंशांच्या वर ती दमतात आणि आपल्याकडच्या ४० अंशांच्या उन्हाळ्यात टिकाव धरत नाहीत. हरळी, झोयसिया, पासपालम ही उष्ण हवामानाची गवते. त्यांची खरी वाढ २७ ते ३५ अंशांना होते, थंडीत ती मंदावतात आणि रात्रीचे तापमान फार उतरले तर तांबूस पडून झोपी जातात.

थंड गवतांचे पुष्कळसे बी अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या विलॅमेट खोऱ्यात तयार होते. तो प्रदेश ४४-४५ अक्षांशांच्या आसपास आहे, पुणे साडेअठरावर. पाकिटावरचे चित्र तिकडच्या बागेचे असते आणि बी पेरले जाते बारामतीला किंवा जालन्याला. हिमाचल, काश्मीर या भागांत ही गवते चांगली येतात. उत्तरेत हिवाळ्यापुरती हिरवळ दिसावी म्हणून झोपलेल्या हरळीवर राय गवत पेरण्याचीही रीत आहे. आपल्याकडे फक्त लग्नसराईपुरते दोन-तीन महिने हिरवे दिसावे एवढाच हेतू असेल तर राय गवत पेरायला हरकत नाही. मात्र ते हंगामी पीक समजूनच पेरावे. 'मिश्र लॉन बी' असे मोघम लिहिलेल्या पाकिटात बहुधा हीच गवते असतात, म्हणून घटक गवतांची नावे नसलेले पाकीट घेऊ नये.

मग आपल्यासाठी कोणते?

महाराष्ट्रात बियाण्यापासून हिरवळ करायची तर व्यवहारात पहिली पसंती हरळीलाच द्यावी लागते. पाकिटावर तिचे नाव 'बर्म्युडा', 'दूब' किंवा 'दूर्वा' असे असते. गणपतीला वाहतात ती दूर्वा आणि हे गवत एकच. ऊन, तुडवणे, पाण्याचा ताण, हलकी किंवा भारी जमीन, सगळे ते सोसते. एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे सावली. आंब्याखाली किंवा इमारतीच्या उत्तरेला दिवसभर ऊन पोचत नसेल तर तिथे हरळीचे बी पेरणे म्हणजे पैसे मातीत घालणे होय. अशा जागी ॲक्सोनोपस हे रुंद पानाचे गवत बेणे लावून करावे, किंवा सरळ सावलीत येणारी शोभेची झुडपे लावावीत. कोकणपट्टीत आणि गोव्यात जिथे विहिरीला खारे पाणी येते तिथे सीशोअर पासपालम हे गवत इतरांपेक्षा पुष्कळ सरस ठरते, कारण खारटपणा सोसण्यात त्याचा हात धरणारे हिरवळीचे गवत क्वचितच सापडेल.

रोपवाटिकांतून 'कोरियन', 'मेक्सिकन', 'कार्पेट', 'सिलेक्शन नंबर एक' अशी नावे ऐकू येतात. ही बाजारातली नावे आहेत. एकाच नावाखाली दोन रोपवाटिकांत दोन वेगळी गवते मिळू शकतात. त्यामुळे नावावर न जाता गवत प्रत्यक्ष पाहून, शक्य तर त्याच रोपवाटिकेने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेली हिरवळ बघूनच ठरवावे. ही गवते बहुतेक बेण्यापासून किंवा तुकड्यांपासून लावतात.

संकरित हरळीबद्दल येथे खुलासा करणे जरूर आहे. 'टिफवे ४१९' हे नाव आता खेड्यापर्यंत पोचले आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी काम केले, त्यातून १९६० साली हा वाण प्रसारित झाला. गोल्फच्या मैदानांवर तो जगभर लावला जातो. साध्या हरळीत ३६ गुणसूत्रे आणि तिच्या आफ्रिकेतल्या चुलत गवतात १८. त्यांच्या संकरातून २७ गुणसूत्रांचे गवत निघाले, आणि घोडा व गाढव यांच्या संकरातून होणाऱ्या खेचराप्रमाणे ते वांझ आहे. त्याला बी धरत नाही. म्हणून कोणी '४१९ चे बी' म्हणून पाकीट पुढे केले तर दुकानाची पायरी उतरून यावे.

आपल्याच बांधावरच्या हरळीचे बी का धरू नये, असा प्रश्न शेतकरी विचारतात. प्रश्न रास्त आहे. हरळी बहुतांशी स्वतःच्या परागाने बी धरत नाही. बांधावर पसरलेला हरळीचा मोठा पट्टा पुष्कळदा एकाच मूळ रोपाचा विस्तार असतो, त्यामुळे तुरे भरपूर दिसले तरी त्यांत भरलेले दाणे थोडेच सापडतात. बाजारातले हरळीचे बी मुख्यतः अमेरिकेच्या ॲरिझोना व कॅलिफोर्नियातील कोरड्या, बागायती भागात खास पीक म्हणून घेतलेले असते. बांधावरची हरळी बारीक पानाची आणि दाट असेल तर तिचे बेणे लावावे, बी गोळा करण्याच्या मागे लागू नये.

पाकिटावरचे आकडे

हरळीचे बी फार बारीक. एका किलोत चाळीस लाखांच्या आसपास दाणे भरतात. म्हणून किलोचा भाव किती यापेक्षा त्या किलोत जिवंत बी किती, हे पाहणे महत्त्वाचे आहे. त्यासाठी पाकिटावरचे शुद्धतेचे आणि उगवणीचे टक्के यांचा गुणाकार करावा. समजा, एका बियाण्याची शुद्धता ९५ टक्के आणि उगवण ८० टक्के आहे. म्हणजे किलोत ७६० ग्रॅम शुद्ध जिवंत बी आले. दुसऱ्याची शुद्धता ८० आणि उगवण ५० टक्के, म्हणजे ४०० ग्रॅम. पहिले १२०० रुपये किलो आणि दुसरे ८०० रुपये किलो असेल तर दुसरे स्वस्त वाटते. परंतु जिवंत बियाण्याचा हिशोब केला तर पहिले सुमारे १५८० रुपये किलो पडते आणि दुसरे २००० रुपये. शिवाय दुसऱ्यातला वीस टक्के कचरा काय आहे, हे आपल्याला ठाऊक नाही. त्यात तणाचे बी असेल तर त्याची किंमत पुढे वर्षानुवर्षे खुरपणीत मोजावी लागते.

हरळीचे बी साल काढलेले आणि सालीसकट अशा दोन प्रकारांत मिळते. साल काढलेले सात ते दहा दिवसांत उगवू लागते, सालीसकट असलेल्याला दोन ते तीन आठवडे लागतात. हल्ली रंगीत लेप दिलेले बीही येते. त्यात कधी कधी निम्मे वजन लेपाचेच असते, तेव्हा भाव करताना तेही लक्षात घ्यावे.

आकड्यांवर विसंबू नये, घरी चाचणी करावी. शंभर दाणे मोजून ओल्या टीपकागदावर ठेवावेत, वर पारदर्शक झाकण घालावे आणि उबदार, उजेडाच्या पण थेट ऊन न येणाऱ्या जागी ठेवावेत. सातव्या दिवशी पहिली आणि एकविसाव्या दिवशी शेवटची मोजणी करावी. आमचे विद्यार्थी शंभर दाणे मोजताना कंटाळतात, कारण दाणा चिमटीत येत नाही. ओल्या काडीच्या टोकाने उचलला की काम सोपे होते.

जमीन : लव्हाळ्याचा बंदोबस्त आधी

हिरवळ बिघडवणाऱ्या गोष्टींत आम्ही लव्हाळ्याला पहिला क्रमांक देतो. कीड-रोगाचा इलाज नंतर करता येतो, पण हिरवळीत शिरलेला लव्हाळा नंतर निघत नाही. वरून कापला तर खालच्या गाठीतून पुन्हा फुटतो, खणावा तर हिरवळ उखडते. म्हणून त्याचा निकाल पेरणीपूर्वीच लावला पाहिजे आणि त्यासाठी दोन महिन्यांची सवड ठेवली पाहिजे. घाईने केलेली हिरवळ दुसऱ्या पावसाळ्यात लव्हाळ्याचे रान होते.

पद्धत आपल्या नेहमीच्या मशागतीची आहे. चैत्र-वैशाखात जमीन २० ते २५ सेंटिमीटर खोल खणावी किंवा नांगरावी, दगडगोटे, काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचाव्यात आणि ढेकळे उन्हात चांगली तापू द्यावीत. कोरड्या उन्हात उघड्यावर पडलेल्या गाठी वाळून मरतात. नंतर पाणी देऊन जमीन भिजवावी. उरलेल्या गाठी आणि तणांचे बी उगवून वर आले की ते मुळासकट काढावे. पुन्हा भिजवावे, पुन्हा काढावे. असे दोन-तीन वेळा केल्यावर तणाचा जोर मोडतो. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण याला पर्याय नाही.

शेणखत पूर्ण कुजलेलेच घालावे, गुंठ्याला ३०० ते ५०० किलो. कच्च्या शेणखतातून तणाचे बी येते आणि हुमणीचाही धोका वाढतो. त्याबरोबर गुंठ्याला ४ ते ५ किलो सुपर फॉस्फेट मिसळावे. भारी काळ्या जमिनीत पाणी साचू नये म्हणून शंभर फुटांना एक फूट या मानाने घरापासून बाहेरच्या बाजूला उतार काढावा. मुरूम टाकून वर चार बोटे माती पसरलेली हिरवळ दिसायला सपाट असते, पण उन्हाळ्यात सर्वांत आधी तीच वाळते. भरावाच्या जागी निदान वीतभर चांगली माती हवी. पेरणीपूर्वी मैंद किंवा फळी फिरवून जमीन एकसारखी करावी, एकदोन पाणी देऊन बसू द्यावी आणि जिथे खळगे पडतील तिथे माती भरून घ्यावी.

पेरणी

हरळीच्या उगवणीला ऊब लागते. पठारावर जून-जुलैतील बेताच्या पावसाचा काळ किंवा पाण्याची सोय असल्यास फेब्रुवारीअखेर ते मार्च हा काळ योग्य. डिसेंबर-जानेवारीत पेरू नये, बी नुसते पडून राहते आणि मुंग्या ते ओढून नेतात. कोकणात जून-जुलैच्या मुसळधार पावसात बी वाहून जाते. तिथे पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरीस पेरावे, किंवा पावसाच्या सुरुवातीसच बेणे टोकावे.

चांगल्या उगवणीचे बी गुंठ्याला ३०० ते ५०० ग्रॅम पुरते. 'दाट यावे' म्हणून दुप्पट बी टाकणारे पुष्कळ भेटतात. त्याने रोपे एकमेकांना दाबतात, कोवळी असतानाच सडतात आणि पैसा वाया जातो तो वेगळाच. हरळी आडव्या धावऱ्यांनी पसरत जाते, तिला पसरायला जागा द्यावी.

एवढे बारीक बी हाताने सारखे पडत नाही. त्याच्या चार-पाच पट कोरडी वाळू किंवा चाळलेली माती मिसळून दोन सारखे भाग करावेत. एक भाग पूर्व-पश्चिम फेकावा, दुसरा दक्षिण-उत्तर. वारा पडलेला असताना, शक्यतो सकाळी पेरणी करावी. दाताळ्याने अलगद ओढून वर अर्धा सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचा चाळलेल्या कंपोस्टचा थर द्यावा. याहून खोल गेलेले बी वर येत नाही, कारण त्याच्यात तेवढा साठा नसतो आणि उजेडही त्याला हवा असतो. हलका रूळ फिरवून बी मातीला चिकटवावे. ओले गोणपाट किंवा पातळ काडाचे आच्छादन घातले तर ओल टिकते. पहिले कोंब दिसताच संध्याकाळच्या वेळी ते काढून घ्यावे.

पाणी बारीक छिद्रांच्या झारीने किंवा तुषार संचाने द्यावे. नळीची धार लावली की बी एका कोपऱ्यात जमा होते. पहिले पंधरा-वीस दिवस वरचा थर सुकू द्यायचा नाही, मग दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे पाणी द्यावे लागले तरी द्यावे. उगवण झाल्यावर मात्र पाळ्या लांबवून पाणी खोल द्यावे, म्हणजे मुळे खाली जातात.

बी की तयार तुकडे?

तयार तुकड्यांची हिरवळ एका दिवसात होते, बियाण्याची दाट व्हायला तीन-चार महिने लागतात. खर्च मात्र तुकड्यांचा कितीतरी अधिक, आणि त्यांच्याबरोबर दुसऱ्याच्या शेतातला लव्हाळा व हुमणी फुकट मिळते. घेणाऱ्याने तुकडा उलटा करून, हाताने चोळून, गाठी पाहून घ्याव्यात.

विकणाऱ्या शेतकऱ्याला यापेक्षा मोठा विचार करायचा आहे. तुकड्याबरोबर सरासरी दोन सेंटिमीटर माती जाते असे धरले, तर एका हेक्टरमधून एका कापणीला २०० घनमीटर, म्हणजे सुमारे ७० ब्रास माती शेताबाहेर जाते. तीही सर्वांत वरची, कसदार. असा माल वारंवार काढला तर हातात पैसा येतो, पण शेत दरवेळी खाली उतरते. कोणी आपल्या शेतातली ७० ब्रास माती विकत मागितली तर आपण देऊ का? हा धंदा करायचाच असेल तर तुकडे एक सेंटिमीटरच्या आसपास पातळ कापावेत, दरवेळी कंपोस्टचा थर परत द्यावा, किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर कंपोस्ट व नारळाच्या भुशाच्या मिश्रणात गवत वाढवावे. माती झटकून नुसते बेणे विकणे हा आणखी बरा मार्ग. घेणाराही ते ८-१० सेंटिमीटर अंतरावर टोकून कमी खर्चात हिरवळ करू शकतो.

पहिले वर्ष

गवत पाच-सहा सेंटिमीटर उंच झाले की पहिली कापणी करावी. पाते धारदार हवे, नाहीतर कोवळी रोपे उपटून येतात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. हरळी पुढे अडीच ते चार सेंटिमीटरवर राखावी आणि उन्हाळ्यात थोडी उंच ठेवावी. पहिल्या कापणीनंतर गुंठ्याला अर्धा किलो युरिया पाने कोरडी असताना फेकून लगेच पाणी द्यावे. पुढे वाढीच्या काळात महिन्याला एकदा एवढाच हप्ता पुरे. चुनखडीच्या जमिनीत पाणी व नत्र मिळूनही नवी पाने पिवळी निघाली तर लोहाची कमतरता समजावी आणि फेरस सल्फेटचे अर्धा टक्का द्रावण संध्याकाळी फवारावे. फरशीवर मात्र उडू देऊ नये, तांबेरलेले डाग जात नाहीत.

पाण्याचा हिशोब आधीच करून ठेवावा. ऐन उन्हाळ्यात हिरवळ हिरवीगार ठेवायची तर दर चौरस मीटरला रोज चार ते सहा लिटर पाणी लागते, गुंठ्याला सुमारे पाचशे लिटर. पाच गुंठ्यांच्या हिरवळीला रोज अडीच हजार लिटर झाले. एवढ्या पाण्यावर तीस-पस्तीस मोठ्या जनावरांची तहान भागते. ज्या तालुक्यात एप्रिलपासून टँकरची वाट पाहावी लागते तिथे गुंठाभराहून मोठी हिरवळ करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि केली असेल तर उन्हाळ्यात ती पिवळी पडू द्यावी. चांगली मुरलेली हरळी वरून वाळली तरी जमिनीखाली जिवंत राहते आणि मृगाच्या पावसाने आठ-दहा दिवसांत पुन्हा हिरवी होते. पहिल्याच वर्षाची कोवळी हिरवळ मात्र एवढा ताण सोसेल याची खात्री नसते, तिला आठवड्यातून एखादे पाणी तरी द्यावे.

मंगल कार्यालयाच्या हिरवळीवर निराळीच आपत्ती येते. मांडवाचे गालिचे दोन-दोन दिवस अंथरलेले राहतात, त्याखाली गवत पांढरे पडते आणि माणसांच्या वर्दळीने माती घट्ट होते. गालिचे कार्य आटोपताच उचलावेत, सांडलेले मिठाचे व तेलकट पदार्थ भरपूर पाण्याने धुऊन काढावेत आणि घट्ट झालेल्या जागी दाताळ्याच्या काट्यांनी बोटभर खोल भोके पाडून त्यांत वाळू व कंपोस्टचे मिश्रण झाडून भरावे. मांडव दरवेळी एकाच जागी न घालता आलटून पालटून घालावा आणि मोकळ्या झालेल्या भागाला निदान पंधरा दिवस दोरी बांधून विसावा द्यावा.